५०,००० रुपयांत जुनी गाडी घेऊन रेवस ते रेडी: आधी पत्रा, मग कागद, इंजिन शेवटी

डोंबिवलीच्या एका गृहस्थांचा प्रश्न थोडक्यात असा: सहा मित्र, तीन जुन्या गाड्या, रेवसपासून रेडीपर्यंत कोकणच्या समुद्राकाठच्या रस्त्याने जायचं. परदेशात मोडक्या गाड्या घेऊन मदतनिधीसाठी लांबलांबच्या रॅली काढतात, तसा बेत. लोकांकडून पैसे जमवून दापोली तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेला द्यायचे. दर गाडीला सगळं धरून ५०,००० रुपयांची मर्यादा. त्यांना तीन गोष्टी हव्यात. मॉडेल कोणतं घ्यावं, इंजिन चांगलं आहे हे कसं ओळखावं, आणि रेडीला पोचल्यावर गाडीचं काय करावं. जाता जाता मेकॅनिक बरोबर घ्यावा का, असंही विचारलंय.

माझं गॅरेज चिपळूणच्या बाजूला आहे आणि जुन्या छोट्या गाड्यांवरच माझं पोट चालतं. म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

प्रश्नात मॉडेलनंतर लगेच इंजिन आलंय. गिऱ्हाईक गाडी बघायला येतं तेव्हाही बॉनेटच आधी उघडतं. पण कोकणात जुनी गाडी इंजिनाने मरत नाही. मारुतीचं तीन सिलिंडरचं इंजिन दापोली, गुहागर, देवगड, कुडाळ कुठेही खोलता येतं आणि पार्ट त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी मिळतो. गाडी मरते ती खालून पत्रा कुजल्याने आणि वरून कागद संपल्याने. या दोन गोष्टी रस्त्यात कुणी दुरुस्त करून देऊ शकत नाही, आणि ५०,००० मध्ये तर नाहीच. म्हणजे तुमचा खरा प्रश्न असा आहे: पाचशेच्या आसपास किलोमीटर, चार खाड्या बोटीवरून, असंख्य चढ-उतार, एवढं झेपेल अशी आणि कायद्याने रस्त्यावर चालू शकेल अशी गाडी या पैशात मिळेल का? मिळते. पण शोधायची पद्धत उलटी करावी लागते.

परदेशी कल्पना इथे आणताना एक फरक लक्षात घ्या. इंग्लंडमधून आफ्रिकेतल्या गांबियातल्या बांजूलपर्यंत जाणारी जी रॅली आहे, तिची मूळ अटच शंभर पौंडांच्या आतल्या गाडीची होती, आणि शेवटी त्या गाड्यांचा तिथे लिलाव करून पैसे मदतीला देतात. युरोपातून मंगोलियाकडे जाणाऱ्या मंगोल रॅलीचाही मूळ दंडक एक लिटरपर्यंतच्या छोट्या इंजिनाचा होता. तिकडे हे जमतं, कारण दरवर्षीच्या तपासणीत नापास झालेल्या गाडीला दुरुस्तीच्या मजुरीमुळे कुणी विचारत नाही. आपल्याकडे मजुरी स्वस्त आणि पार्टला मागणी. चालती गाडी कधीच फुकटात जात नाही, निदान भंगाराचा भाव तरी तिला राहतोच. म्हणून इथे कोणी १५,००० ला चालू गाडी देतो म्हणाला, तर तो तुमच्यावर उपकार करत नसतो. त्या गाडीचे कागद तरी गेलेले असतात, नाहीतर फ्लोअर तरी.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत. पावसाळ्यात निघणार असाल तर हे उत्तर वाचू नका, बेतच बदला. दिवाळीची सुट्टी, नाताळ आणि ३१ डिसेंबर या दिवसांत फेरीबोटीला लांबलचक रांगा लागतात, आणि रांगेत इंजिन चालू ठेवून उभी असलेली जुनी गाडी हमखास तापते. जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी उत्तम. शिमग्यात जायचं असेल तर खुशाल जा, मजा येईल. फक्त गावागावांत पोरं दोरी आडवी धरून पोस्त मागतील, तेव्हा शाळेसाठी जमवायच्या आधी तुमचेच सुटे पैसे संपतील.

आता गाडी कुठली घ्यायची, यापेक्षा कुठून घ्यायची ते आधी. माझं स्पष्ट मत: किनाऱ्यावर चालवायची गाडी किनाऱ्यावरून घेऊ नका. घाटावरून घ्या. सांगली, मिरज, कऱ्हाड, जत या पट्ट्यात हवा कोरडी, पाऊस कमी. तिथली पंधरा वर्षांची गाडी खालून जेवढी शाबूत असते, तेवढी मुरूड-श्रीवर्धनकडची आठ वर्षांची नसते. इकडे रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, बाकीचे महिने खारा वारा. घाट चढून एक शनिवार-रविवार कऱ्हाड-सांगलीला घालवलात तर तो खर्च पहिल्याच पत्राकामात वसूल होतो. फक्त नंबर प्लेटवर विसंबू नका. एमएच-१० (सांगली) पासिंगची गाडी दहा वर्षं मालवणात उभी असू शकते. सर्व्हिसची बिलं, जुना इन्शुरन्स, पीयूसीची पावती यांवरचं गाव बघा.

दुसरी सावधगिरी चाकरमान्यांच्या गाडीची. जाहिरात ठरलेली असते: 'गावच्या घरी ठेवलेली, फारच कमी वापर, फक्त गणपतीला काढतो.' ऐकायला गोड आहे. पण वर्षातून दोनदा सुरू होणारी गाडी रोज चालणाऱ्या गाडीपेक्षा जास्त खराब असते. आंब्याखाली ताडपत्री टाकून ठेवलेल्या गाडीत ओल आतच कोंडते. उंदीर वायरिंग कुरतडतात, हँडब्रेकची केबल गंजून धरते, ब्रेकच्या व्हील सिलिंडरचे रबर कडक होतात, टायर एकाच जागी बसून चपटे होतात, टाकी आतून गंजते. त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं, आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं. टाकीत महिनोन्‌महिने पडून राहिलेलं असलं पेट्रोल म्हणजे कार्ब्युरेटर किंवा इंजेक्टर जाम होण्याची तयारीच. मीटरवर ९०,००० किलोमीटर झालेली, पण शिक्षकाने परवापर्यंत शाळेत रोज नेलेली गाडी मिळाली तर ती घ्या. २२,००० किलोमीटरवाली ताडपत्रीखालची सोडा.

तिसरी, पुराची गाडी. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेलं. तेव्हा बुडालेल्या बऱ्याच गाड्या धुऊन-पुसून, सीट कव्हर बदलून पुढे विकल्या गेल्या, आणि त्या आता घाटावरही भेटतात. ओळखायची सोपी युक्ती आहे. पुढच्या सीटचा बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. नेहमी गुंडाळलेलाच राहणारा जो शेवटचा हातभर पट्टा असतो, त्यावर मातकट रेघ किंवा डाग दिसला, किंवा तो पट्टा कडक लागला, तर गाडी बुडालेली. सीट कव्हर नवं घालणारा माणूस बेल्ट बदलत नाही. मग सीटच्या रेलचे बोल्ट बघा आणि फ्यूज बॉक्समागे बोट फिरवा. बोटाला गाळ लागला की नमस्कार करून निघायचं, भाव कितीही पाडला तरी.

पत्रा तपासायला मी काय करतो ते सांगतो. बरोबर एक टॉर्च, जुना स्क्रू-ड्रायव्हर आणि फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक. बाहेरच्या रंगाकडे मी बघतही नाही. तो दहा-बारा हजारांत कुणीही चकचकीत करतो. ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅटिंग उचलायला लावायचं. मालक कां-कूं करायला लागला तर निम्मं उत्तर तिथेच मिळालं. मॅटिंगखालचा फेल्ट दाबून बघा, ओला आहे का. मग स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने फ्लोअर ठोकत जायचं. धड पत्र्याचा आवाज टणक येतो. कुजलेला पत्रा वाळवी लागलेल्या वाशासारखा असतो, वरून अख्खा, ठोकला की भद्द. तोच प्रकार दाराखालच्या सिलचा. तिथे खालून चुंबक फिरवा. चिकटलं नाही तर आत पुट्टी किंवा फायबर भरलेलं आहे. डिकीतली स्टेपनी काढून तिची खोबण बघा, पाणी साचून ती आधी जाते. बॅटरीचा ट्रे काढा, त्याच्याखाली ॲसिड आणि गंज मिळून भोक पडलेलं असतं.

एवढं सगळं थोडंफार कुजलेलं चालेल. फ्लोअरला पत्रा मारून मिळतो, वेल्डिंगवाला दोन दिवसांत करून देतो. पण तीन जागा कुजलेल्या असतील तर गाडी घ्यायची नाही, फुकट दिली तरी. पुढचा स्ट्रट (पुढच्या शॉकॲब्सॉर्बरचा खांब) वर जिथे बॉडीला बसतो ती वाटी, चाकाला खालून धरणारा लोअर आर्म जिथे बॉडीला धरतो ती जागा, आणि मागचे शॉकॲब्सॉर्बर व सस्पेन्शनचे माउंटिंग. उतारावर खड्ड्यात चाक आपटलं आणि यातलं काही सुटलं, तर गाडी तुमच्या हातात राहत नाही. ब्रेकचे लोखंडी पाइपही हाताने चाचपा. वर गंजाचे पापुद्रे आले असतील तर बदलायचेच, पण ते खर्चात धरून. अंडरकोटिंग नुकतंच काळंभोर मारलेलं दिसलं तर मला आनंद होत नाही, शंका येते. कशावर मारलंय?

पत्रा पसंत पडला की कागद. खासगी गाडीचं पहिलं पासिंग १५ वर्षांचं, त्यानंतर दर ५ वर्षांनी रीपासिंग. एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ६०० वरून थेट ५,००० झाली, आणि २० वर्षांपुढच्या गाड्यांना ती २०२५ मध्ये दुप्पट केली. वर पर्यावरण कर, उशीर झाला असेल तर दंड, आणि पास करून घ्यायला लाइट-हॉर्न-पत्रा ठीक करण्याचा खर्च. तुमच्या ५०,००० मध्ये हे बसत नाही. म्हणून रीपासिंग झालेलीच गाडी शोधा. २००८ ची गाडी २०२३ मध्ये पास झाली असेल तर ती २०२८ पर्यंत मोकळी. २०१२ ची असेल तर मूळचंच पासिंग २०२७ पर्यंत. अशा गाडीला आठ-दहा हजार जास्त द्यावे लागले तरी सौदा फायद्याचा.

पुढचं म्हणजे नाव कुणाचं आहे. कोकणातल्या गाडीत हा घोळ फार. गाडी विकतोय पुतण्या, आरसी काकांच्या नावावर, काका चार वर्षांपूर्वी वारले, वारस मुंबई, बडोदा आणि दुबईत. काका गेल्यावर गाडी आधी वारसाच्या नावावर व्हावी लागते, त्याला फॉर्म ३१ आणि बाकी वारसांची संमती लागते. तुमच्या निघायच्या तारखेपर्यंत हे होणार नाही. 'सही मी आणून देतो' या वाक्यावर तर मुळीच व्यवहार करू नका. मालक स्वतः समोर, आधार आणि आरसी जुळलेली, गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर तुमच्यासमोर सही, असंच हवं. कर्जाचा बोजा आरसीवर दिसत असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५. गाडीवरचे थकीत ई-चलान आधी भरून घ्या, नाहीतर ट्रान्स्फर अडकते. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलेली आहे का तेही बघा. नसेल तर विकणाऱ्यालाच बसवून द्यायला सांगा.

सावंतवाडी-बांद्याकडे जीए पासिंगच्या गाड्या स्वस्तात दाखवतील. गोव्याची एनओसी, इथला कर, नवा नंबर, हे सगळं करेपर्यंत ती स्वस्त राहत नाही. दिल्लीहून आलेल्या गाड्यांचंही तेच. तिथे १० वर्षांच्या डिझेल आणि १५ वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यावर त्या इकडे भरपूर आल्या. गाडी चांगली असेलही, पण तुमच्या कामाची नाही.

आता मॉडेल. मी तुम्हाला मारुती ८०० घ्यायला सांगेन, इंजेक्शनवाली (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टर असलेली), शक्य तितकी शेवटची. एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात नसते. एप्रिल २०१० मध्ये नवे प्रदूषण निकष आल्यावर मुंबई, पुणे, सोलापूर अशा ठरावीक शहरांत ८०० विकणं बंद झालं, पण बाकीच्या जिल्ह्यांत ती पुढेही मिळत होती. उत्पादन थांबलं ते जानेवारी २०१४ मध्ये. म्हणजे सगळ्यात कमी वयाच्या ८०० या जिल्ह्याच्या ठिकाणच्या आहेत, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी पासिंगच्या. डोंबिवलीत बसून शोधलीत तर जुन्याच दिसतील. ऑल्टोचं ७९६ सीसीचं इंजिन याच घराण्यातलं, गाडी जरा बरी, पण चालू कागदांची ऑल्टो तुमच्या पैशात क्वचित मिळते. मिळाली तर घ्या.

कार्ब्युरेटरवाली जुनी ८०० रस्त्याच्या कडेला पाना-पकडीने दुरुस्त होते हे खरं. पण तिचे जुने रबर पाइप आणि डायफ्राम आताच्या पेट्रोलला टिकत नाहीत, आणि ती २० वर्षांच्या पुढे गेलेली, म्हणजे फीचा वरचा दर. सँट्रो चालवायला छान. तिचा एखादा सेन्सर गेला तर तो विजयदुर्ग-देवगडच्या पट्ट्यात लगेच मिळेलच असं नाही. डिझेल इंडिका स्वस्त मिळते ती का, हे पहिल्या सस्पेन्शनच्या कामात कळतं. ओम्नीत सामान भरपूर जातं, पण इंजिन सीटखाली, त्यामुळे दुपारी घाट चढताना बूड भाजतं. पद्मिनी, ॲम्बॅसेडर किंवा जुनी जीप फोटोत उठून दिसेल, देणगीदारही खूश होतील. त्या गाड्यांना आता शौकिनांचे भाव आहेत आणि पार्टसाठी मुंबईला फोन लावावे लागतात.

आणि तिन्ही गाड्या एकाच मॉडेलच्या घ्या. हे ऐकून तुमचा हिरमोड होईल, वेगवेगळ्या गाड्यांत गंमत जास्त. पण तीन ८०० असतील तर क्लच केबल एक, इग्निशन कॉइल एक, फॅन बेल्ट एक, पाण्याचे पाइप एक सेट, एवढ्यात तिन्ही गाड्यांचं भागतं. शेवटी अगदीच वेळ आली तर एका गाडीचे पार्ट काढून दोन गाड्या रेडीला पोचतात.

इंजिनावर आता येऊ. बघायला जाण्याआधी फोन करून सांगा की गाडी सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर मालकाला काहीतरी लपवायचं आहे, चहा घेऊन तासाभराने या. थंड इंजिन पहिल्या-दुसऱ्या सेल्फला घ्यायला हवं. सुरू झाल्यावर ऑइलचं झाकण उघडा. तिथून धूर फुसफुसत असेल तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्यात. थोडा असेल तर पाचशे किलोमीटर निघतील, एक लिटर ऑइल डिकीत ठेवायचं. पण झाकणाखाली पांढरट साय दिसली, किंवा थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून रेस दिल्यावर पाण्यात बुडबुडे येत राहिले, तर हेड गॅस्केट गेलंय. या इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं, एकदा तापलं की वाकतं, आणि गॅस्केट बदलून भागत नाही.

तापमान हाच या गाडीचा जीव आहे. अर्धा तास फिरवून आणा, मग उभी करून इंजिन चालू ठेवा आणि रेडिएटरचा फॅन आपोआप लागतो का ते बघा. बऱ्याच गाड्यांत फॅनला डायरेक्ट स्विच टाकलेला असतो. तो जुगाड चालतो, पण विसरलं की हेड वाकलं. थर्मोस्टॅट (इंजिनातल्या पाण्याचं तापमान सांभाळणारा व्हॉल्व्ह) काढून फेकलेला असतो, तो परत बसवा. रेडिएटर खोलून रॉडिंग, म्हणजे आतल्या नळ्यांची सफाई, करून घ्या. नळाचं किंवा विहिरीचं पाणी नको, कूलंट घाला.

आता या रस्त्याची खास परीक्षा. वाटेत आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड अशा चार ठिकाणी गाडी बोटीवर चढवायची आहे. ओहोटीला बोट खाली बसते, जेटीचा उतार जास्त लागतो, बोटीचं लोखंडी फळकट आणि धक्का यांच्यात कोन होतो. माणसं आणि सामान भरलेली ८०० तिथे पोट घासते. माणसं उतरवून चढवा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात भरती-ओहोटीतला फरक मोठा असतो, ते दिवस शक्यतो टाळा. जेटीवर शेवाळलेलं ओलं काँक्रीट, मागे दुसरी गाडी, पुढे पाणी, अशा जागी हँडब्रेक धरला नाही तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून गाडी घेताना चढावर उभी करून, गिअर काढून, नुसत्या हँडब्रेकवर धरते का ते बघायचंच.

केळशी-आंजर्ले, दाभोळच्या जेटीकडचा उतार, वेळणेश्वर-हेदवी आणि पुढे आरे-वारे इथे ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका. दुसऱ्या गिअरमध्ये टाका आणि इंजिनाला धरू द्या. ब्रेक ऑइल जुनं असेल तर त्यात ओल आलेली असते. ब्रेक तापले की ते उकळतं आणि पेडल पोकळ जातं. म्हणून घेतल्यावर पहिलं काम ब्रेक ऑइल, व्हील सिलिंडरचे रबर आणि लायनर. दुसरं टायर. चार टायर आपल्याकडे साधारण दहा हजारांच्या घरात जातात, बॅटरी तीन-चार हजार. हिशेब करा: ५०,००० मधले ३० ते ३२ हजारच गाडीला. बाकी ब्रेक, टायर, रेडिएटर, विमा आणि आरटीओला. ४५,००० ची गाडी घेऊन ५,००० उरवलेत तर तुमची सहल दिवेआगरपर्यंतच.

पुळणीत गाडी घालू नका. मुरूड, कर्दे, गुहागर, सगळीकडे भरतीत रुतलेल्या गाड्या आम्ही ट्रॅक्टरने टोचन करून काढतो, आणि आत गेलेलं खारं पाणी त्या गाडीतून पुन्हा निघत नाही.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नाही, पण सांगतो. पोस्टरवर 'रॅली' लिहा हरकत नाही, पण वेळ लावणं, पहिला-दुसरा काढणं, टप्प्यांना गुण देणं हे करू नका. खासगी गाडीच्या विमा पॉलिसीत वापराच्या मर्यादा छापलेल्या असतात. संघटित शर्यत, वेगाची चाचणी आणि 'रिलायबिलिटी ट्रायल' यांना संरक्षण नाही असं त्यात सरळ लिहिलेलं असतं. कुणाला धक्का लागला तर कंपनी ते पान पुढे करील. तुम्ही तीन गाड्यांनी मिळून सहलीला निघालात, एवढंच असू द्या. हजार सीसीच्या आतल्या गाडीचा थर्ड पार्टी विमा महाग नाही, २०२२ मध्ये ठरलेला दर वर्षाला २,०९४ रुपये आणि वर कर. विमा चालू असलेली गाडी घेतलीत तरी खरेदीपासून १४ दिवसांत तो आपल्या नावावर करून घ्या. गाडीला पूर्ण वेगळा रंग देणार असाल तर आरसीवर नोंद लागते. स्टिकरवर भागवा.

पैसे जमवण्याबाबत मी गॅरेजवाला काय सांगणार, तरी आमच्या गावच्या मंडळात खजिनदार असल्याने थोडं कळतं. नोंदणी नसलेल्या मित्रांच्या टोळक्याने लोकांकडून धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायचे तर आधी धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. त्यापेक्षा त्या भागात शाळांसाठी काम करणारी, देणगीवर करसवलत मिळवून देणारी ८०-जी नोंद असलेली एखादी नोंदणीकृत संस्था गाठा आणि देणगी थेट तिच्याच खात्यात जाऊ द्या. देणगीदाराला करसवलत हवी असेल तर २,००० रुपयांच्या वर रोख चालत नाही. गाडीचा, पेट्रोलचा, मुक्कामाचा एकही रुपया त्यात मिसळू नका. तो तुमच्या खिशातला. गावात पहिला प्रश्न तोच विचारतात, आणि बरोबरच विचारतात.

रेडीला पोचल्यावर गाडीचं काय, याला तीन वाटा आहेत. कागद चालू असलेली गाडी विकून ते पैसे निधीत घालणं सगळ्यात चांगलं. ब्रेक-टायर नवे केलेली ८०० कुडाळ-सावंतवाडीकडे पटकन जाते, कधी घातलेले पैसेही निघतात. कुणाला भेट द्यायची असेल तरी चालेल. पण दोन्हीत ट्रान्स्फर पूर्ण होईपर्यंत सोडू नका. नुसतं स्टँप पेपरवर लिहून दिलं आणि पुढच्या माणसाने अपघात केला, तर भरपाईसाठी आरसीवरचा मालकच धरला जातो, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तसं स्पष्ट केलेलं आहे. तिसरी वाट भंगाराची. तिथे गल्लीतल्या भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्या आणि जमा केल्याचं प्रमाणपत्र घेऊन नोंदणी रद्द करा. नाहीतर तुमचा चेसिस नंबर दुसऱ्याच कुठल्या गाडीवर फिरताना सापडायचा.

मेकॅनिक बरोबर घ्यावा का, असंही शेवटी विचारलंय. गरज नाही, गाडीतली एक जागा अडते. त्याऐवजी निघण्यापूर्वी श्रीवर्धन, दापोली, गुहागर, रत्नागिरी, देवगड आणि मालवण इथल्या एकेका गॅरेजचा नंबर घेऊन ठेवा आणि त्या त्या बाजाराची सुट्टी कुठल्या वारी असते तेही विचारा. गाडी घेतल्यावर लगेच निघू नका. आठवडाभर रोज ऑफिसला न्या, एकदा खोपोलीपर्यंत जाऊन बोरघाट चढवून आणा. जे मोडायचं असतं ते तेवढ्यात मोडतं. घाटावर एखादी गाडी पसंत पडली तर आरसीचा, फ्लोअरचा आणि स्ट्रटच्या वाटीचा फोटो इथे टाका. चकचकीत बोनेटचा टाकलात तर त्यावरून मला काही सांगता येणार नाही.